दिवेआईनं ऐकलं ते

आधी दार फुटलं. मग जिन्यावर बूट वाजले, काचेचं काहीतरी खळ्ळकन खाली आलं, एक पुरुष ओरडला आणि त्याचं ओरडणं मध्येच तुटलं, कारण गोळी सुटली. मग आणखी एक.

हे सगळं १९४३च्या डिसेंबरात इटलीतल्या एका गावात घडलं होतं. आम्ही ते ऐकत होतो २०३६च्या दसऱ्यानंतर, सातारा जिल्ह्यातल्या फडतरेवाडीत, आमच्या स्वयंपाकघरात. गॅसवरचा चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही.

गोळ्यांच्या मागून एका बाईचा आवाज आला. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण स्पष्ट. माझ्या कानात भाषांतराचं बोंड होतं. ते सगळं बातम्या वाचणाऱ्या बाईच्या सुरात सांगायचं. ‘घरात मूल नाही,’ बोंड म्हणालं. मग धप्प असा आवाज. मांसावर लाकूड बसलं की जसा येतो तसा. ‘मला मूल नाही.’ पुन्हा धप्प. तिसऱ्या वेळी ती इतक्या जोरात किंचाळली, की बोंडातल्या बातम्यावालीलाही क्षणभर शब्द सुचले नाहीत. ‘मला मूलबाळ झालंच नाही!’

मग काहीतरी जड फरफटत नेल्याचा आवाज, आणि शांतता.

टेबलावरच्या पडद्यावर लिआ कांतोनी होत्या. सत्तरीच्या, बारीक, नीट केस विंचरलेल्या. किंचाळणारी बाई त्यांची आजी, रेगीना. गोळी लागली तो आजोबा, एत्तोरे, चित्रकार. आणि जे मूल ‘नव्हतं’, ते कणकेच्या कपाटामागे श्वास कोंडून बसलेलं पाच वर्षांचं मूल म्हणजे लिआबाईंची आई. शेजारणीनं तिला वाचवलं. रेगीनाला छळछावणीच्या गाडीत घातलं, ती परत आली नाही.

लिआबाई म्हणाल्या, “आई मरेपर्यंत सांगायची की तिच्या आईचं शेवटचं वाक्य होतं, मला मूल नाही. एवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं. मारल्याचे आवाज ती विसरली होती. हे तिनं ऐकायला हवं होतं.”

माझे वडील खुर्चीत बसले होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वय शहाऐंशी. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. “बाईमाणसावर हात टाकत्यात,” ते म्हणाले. “असल्यांला झाडाला उलटं टांगाय पायजे.”

त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. ते मी विसरणार नाही.

*

ज्या चित्रातून हा आवाज आला, त्याला आमच्या गावात दिवेआई म्हणतात. हातभर उंचीचं तैलचित्र. डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई, समोर दोन दिवे, आणि दोन्ही तळव्यांनी झाकलेले डोळे. माझे आजोबा, हवालदार हणमंतराव फडतरे, मराठा पलटणीतून इटलीत लढले आणि येताना हे चित्र गुंडाळून घेऊन आले. ते सांगायचे की गाव जर्मनांच्या ताब्यातून सोडवल्यावर एका म्हातारीनं रडत रडत ते त्यांच्या हातात दिलं. आजीनं त्याला चौकट केली, हळदकुंकू वाहिलं आणि देवघरात बसवलं. देवघर स्वयंपाकघरात, ओट्याच्या समोरच्या भिंतीवर. दिवेआईनं डोळे का झाकलेत, असं लहानपणी विचारलं की आजी म्हणायची, “ती बघत न्हाई कुणाचं. ऐकती फकस्त.”

गेल्या वर्षी भाचीनं दसऱ्याचा फोटो टाकला. लुटलेली चित्रं शोधत जगभरचे फोटो चाळणारी एक यंत्रणा आहे. तिनं तो दोन दिवसांत उचलला. एत्तोरेचं ते शेवटचं चित्र होतं, आणि लिआबाईंनी ते परत मागितलं. पळून जायच्या घाईत त्यानं बायकोचं चित्र पुरं केलं, ओल्यावरच वार्निश मारलं, आणि ते वाळायच्या आत दार फुटलं. बाई शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंच्या शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याचे, दिवे लावून प्रार्थना करत होती, एवढंच ते चित्र. आम्ही तिच्यापुढं नारळ फोडत होतो. तिनं कधी तक्रार केली नाही, हे मान्य केलं पाहिजे.

पुण्याहून यंत्र घेऊन आलेल्या डॉक्टर मिर्‍याम वाक्रूळकर मूळच्या पेणच्या, आपल्या मराठी ज्यू. बोलायला मोकळ्या. यंत्राला त्या नुसतं ‘कान’ म्हणायच्या. इस्त्रीएवढं डोकं आणि लांब वाकडा हात, असा तो कान चित्रापासून बोटभर अंतरावरून केसाच्याही बारकाईनं सरकत राहायचा.

“ताणून बसवलेलं कापड म्हणजे ढोलकीचं कातडं,” त्यांनी मला पहिल्या दिवशीच समजावलं होतं. “मोठा आवाज झाला की ते थरथरतं. त्यावरचं वार्निश ओलं असेल तर थरथरीच्या सुरकुत्या पडतात, आणि वार्निश वाळलं की त्या तशाच गोठतात. जुन्या तबकडीवर रेघा असायच्या ना, तसं. डोळ्यांना दिसत नाहीत. कान त्या वाचतो.”

“म्हणजे सगळं बोलणं सापडतं?”

“छे. हळू बोललेलं कापडाला कळतच नाही. आरडाओरडा, मार, गोळी, स्फोट. तेवढंच. कुणी कुणाच्या कानात प्रेमानं काय सांगितलं, ते गेलं ते गेलंच.”

मला वाटलं, यंत्र कुणा पुरुषानं बनवलं असणार.

त्यांनी नियमही सांगितला होता. पूर्वी ज्याच्या हातात चित्र असे, तो नको ते आवाज गाळून हवे तेवढे ऐकवायचा. दावे खोटे पडायचे. म्हणून आता जगभर एकच रीत आहे: ऐकायचं तर तळापासून वरपर्यंत पूर्ण, दोन्ही बाजूंसमोर, आणि त्याची प्रत सगळ्यांसाठी खुली. मध्येच थांबवलं तर चित्र जिथं आहे तिथंच राहतं आणि दावा कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहतो.

मी बिनधास्त मान डोलावली होती. आमचं काय जाणार होतं?

*

त्या दिवशी दुपारी मिर्‍यामताईंनी मला मागच्या अंगणात बोलावलं.

“शैलाताई, चित्राला तेल लावता का तुम्ही?”

“दर दसऱ्याला. शस्त्रपूजा झाली की घरातली सून लावते. सून नसली की लेक. यंदा मीच लावलं.”

“जवसाचं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्या खापरपणज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. हा वास मला झोपेतही कळेल.” त्या हसल्या नाहीत. “जवसच का?”

“आजीनं पाडलेली पद्धत. खोबरेल लावलं की माश्या बसायच्या, तिळाच्या तेलाला मुंग्या. जवसाचं वाळून जातं, कसं चकचकीत दिसतं.”

“तेच तर. बाकी कुठलंही तेल लावलं असतंत, तर ते चिकट राहिलं असतं आणि पुढच्या वर्षी पुसलं गेलं असतं. जवसाचं तेल वाळून पापुद्रा होतं. चित्रकार रंगात तेच घालतात. वाळायला त्याला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस ते ओलं असतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “एत्तोरेच्या वार्निशवर तुमच्या घराचे थर आहेत, शैलाताई. प्रत्येक दसऱ्याचा एक. आजपर्यंत.”

मी धुणं धुवायच्या दगडावर बसले.

माझी आई वारली ती १९८७च्या वसुबारसेला. दसऱ्यानंतर अडीच आठवड्यांनी. त्या वर्षी दिवेआईला तेल तिनंच लावलं होतं. मी वाटी धरून उभी होते.

घरात, गावात, पंचनाम्यात, सगळीकडे एकच होतं: स्टो फुटला. मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ दिलीप तीनचा. मला आठवतं ते एवढंच, की आईनं दिल्याला माझ्या कडेवर कोंबलं आणि मला मागच्या दारातून असं ढकललं, की मी पायरीवर पडून गुडघा फुटला. मागं दार आपटून कडी लागली. सकाळी माझ्या हातून दूध सांडलं होतं. आई चिडली, असं मला वाटलं. तेव्हापासून आजवर असंच वाटत आलं, की मरताना ती माझ्यावर चिडलेली होती.

*

संध्याकाळी आण्णांना भाकरी कुस्करून दिली. नवरा गेल्यापासून मी माहेरीच असते. चटण्या करून विकते, आण्णांचं बघते. त्यांची नखं मीच कापते, पाठ मीच चोळते.

“उद्या काय हाय आता?” त्यांनी विचारलं.

“पुढचे थर. आपल्या घरातले.”

घास हातात राहिला. “आपल्या घरात काय हाय ऐकण्यासारखं? आरत्या असतील.”

“मोठ्यानं झालेलं सगळं येतं, आण्णा.”

कालपर्यंत हेच आण्णा, दिवेआई गावाबाहेर गेली तर मी उपाशी मरीन, म्हणत होते. दिलीप सरपंच. त्याला वर्षभरात दिवेआईसाठी शिखराचं देऊळ बांधायचं होतं. दोघांची एकजूट होती.

“न्हेऊ दे ती मूर्त,” ते म्हणाले. “मी अंगठा देतो. पण ऐकाय नगं.”

“ऐकल्याशिवाय नेता येत नाही.”

“मग थांब म्हणावं. मी मरस्तवर थांब. किती दिस ऱ्हायलेत माझं?” त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. “शैले, पोरी. तू माझी सेवा केलीस. शेवटाला असं करू नगं.”

काय झालं होतं, ते आण्णा सांगत नव्हते. पण ऐकल्यावर काय बाहेर येईल, हेही त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यानं मला कळायचं ते कळलं.

मी ताट उचललं आणि धुवायला घेतलं. एकच ताट खूप वेळ घासलं. थांबणं सोपं होतं. एक शब्द बोलायचा होता. चित्र भिंतीवर राहिलं असतं, गावाला देऊळ मिळालं असतं, म्हातारा माझ्या हातून शेवटचं पाणी पिऊन गेला असता. फक्त लिआबाई वाट बघत बसल्या असत्या, आणि माझी आई तशीच चिडलेली राहिली असती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कान पुन्हा सरकू लागला. आण्णा आपण होऊन येऊन खुर्चीत बसले. शेजारी भिंतीला टेकून आजोबांची संगीन होती, तिच्यावर दसऱ्याच्या पूजेचे वाळलेले झेंडू.

इटलीतला थर संपल्यावर काहीच नव्हतं. ज्या अधिकाऱ्यानं रेगीनाला नेलं, त्याच्याच घरात चित्र पुढं लटकत होतं. तो पळाला. आजोबा आले.

“त्यांना ते कुणी दिलं, त्याचा काही आवाज?” मी विचारलं.

“काही नाही. तोवर वार्निश वाळलं होतं. आणि रिकाम्या घरातून उचललं असेल, तर आरडाओरडा करणार कोण?”

लिआबाई पडद्यावरून म्हणाल्या, “तुमच्या आजोबांनी ते घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं. चोरांकडून चोरलं असेल तर मी भांडणार नाही.”

मग आमचं घर सुरू झालं.

पहिल्याच थरात आजोबा होते. मेडल लावून फोटोत बसलेले आजोबा. त्यांचा कवायतीचा दणदणीत आवाज, आणि पट्ट्याचे फटके. मध्ये मध्ये आजीचं ‘अवो, अवो’. पुढच्या दसऱ्याला तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पट्टा नव्हता, ताटल्या होत्या. एका वर्षी आजोबा झोपेत इटालियन गावाचं नाव घेऊन ओरडले, आणि मग उठून आजीला मारलं. मिर्‍यामताई प्रत्येक थराचं साल सांगत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली चालला होता. दिवाळीच्या महिन्यात आमच्या घरात दरवर्षी फटाके वाजायचे, असं मी लोकांना सांगायचे. फटाके आवाजात होतेच. ते कधीतरी ऐकू यायचे, बाहेरून.

मग पट्ट्यामागचा आवाज बदलला. तरुण झाला. मला तो ओळखायला वेळ लागला नाही. कालच त्यानं भाकरी मागितली होती.

लिआबाईंच्याही कानात बोंड होतं, त्यांच्या भाषेत बातम्या वाचणारं. त्या म्हणाल्या, “हे तुमचं आहे. मी बोंड काढू का?”

“नका काढू,” मी म्हणाले. “तुमचं मी ऐकलं.”

“सत्त्याऐंशी,” मिर्‍यामताई म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

एक चपराक. मग आईचा आवाज. तिचा आवाज असा होता, हे मी विसरून गेले होते. घोगरा, जवळजवळ माझ्यासारखा. “पोरांदेखत नगं!” पितळेचं काहीतरी भिंतीवर आदळलं. आण्णांचा आवाज: “म्हायेरला जाती व्हय? तुझ्या बाच्या दारात जाती? जा!” पुन्हा पुन्हा मार. आणि त्याच्या वर चढलेलं आईचं ओरडणं:

“शैले! दिल्याला घिऊन जा! पळ! मागं बघू नगं!”

दार आपटलं. कडी लागली. आतून.

मग रॉकेलचा पत्र्याचा डबा जमिनीवर पडून गडगडला. मग आईची किंकाळी. ती किती वेळ चालली ते मी लिहीत नाही. त्यात शब्द नव्हते, शेवटी शेवटी तर बाईचा आवाजही नव्हता. मिर्‍यामताईंनी तोंडावर हात धरला होता.

किंकाळी विझत आली तेव्हा तिसरा आवाज उठला. आजीचा. आयुष्यभर ‘अवो, अवो’ करणारी आजी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. आण्णांना फक्त तीच आन्दा म्हणायची.

“स्टो फुटला म्हणा! आन्दा, ऐक! स्टो फुटला म्हणा समद्यांनी!”

कान सरकत राहिला. पुढं रडारड होती, शेजारपाजार होता.

“स्फोट नाही,” मिर्‍यामताई कुजबुजल्या. “स्टो फुटला असता तर या सगळ्या थरांत तो सगळ्यात मोठा आवाज असता. तो नाहीच.”

मी आण्णांकडे वळले. ते दिवेआईकडे बघत होते.

“ह्यो काय साक्षीला आलेला मानूस न्हाई, यंतर हाय,” ते म्हणाले. “यंतर काय बी सांगंल.”

*

दिलीप आला तो चारजणांना घेऊन. कुणीतरी त्याला कळवलं होतं की देवीची चौकट काढलीय. तो तापलेलाच होता.

“काय चाललंय हे? आं? देवीला उघडी करून काय सर्कस मांडलीय?” त्यानं यंत्राच्या हाताला लाथ मारली. कान ओट्यावर आदळला आणि त्याची मान मोडली. मिर्‍यामताई मध्ये आल्या, तर त्यानं त्यांना खांद्यानं बाजूला उडवलं. “उचला रे!”

मी चित्राला पाठ लावून उभी राहिले.

“ताई, बाजूला हो.”

“आधी ऐक मग ने.”

“बाजूला हो म्हणतो ना!” त्यानं मला दंडाला धरून फेकलं. ओट्याची कड कपाळात बसली. डोळ्यात रक्त उतरलं. माझा भाऊ वाईट नाही. त्याला एवढंच शिकवलं होतं.

“मिर्‍यामताई, लावा,” मी खालूनच म्हणाले. “सत्त्याऐंशीचं.”

यंत्र मोडलं होतं, पण आवाज त्यांच्या टॅबमध्ये उतरलेला होता. त्यांनी तो लावला आणि पुरा चढवला.

चौघांनी चित्राला हात घातलेले होते. ‘पोरांदेखत नगं’ला त्यांचे हात थांबले. ‘दिल्याला घिऊन जा’ला दिलीपनं मान वर केली.

“हा कुणाचा आवाज?”

“तुझ्या आईचा.”

त्याच्याकडे आईचं काहीच नव्हतं. एक फोटो होता, तोही कुणीतरी काढून टाकला होता. तीन वर्षांच्या पोराला कुठला आवाज आठवणार? तो उभ्या उभ्या ऐकत राहिला. आपलं नाव. मग कडी. मग डबा. मग ते सगळं. ‘आन्दा, ऐक! स्टो फुटला म्हणा!’ बरोबरच्या चौघांतला एकजण उंबऱ्याबाहेर जाऊन ओकला.

आम्ही सगळे टॅबकडे बघत होतो. आण्णा कधी उठले, संगीन कधी उचलली, कुणालाच कळलं नाही. शहाऐंशी वर्षांचा माणूस, ज्याला मी धरून बाथरूमला नेते, तो तीन पावलांत भिंतीपाशी होता. पहिला वार चित्रावर. कापड टरकन फाटलं, खालच्या कोपऱ्यात, दिव्याच्या बाजूला. दुसरा वार रेगीनाच्या तोंडावर बसला असता. मी हात घातला. पातं तळव्यातून आरपार गेलं.

दुखलं नाही आधी. फक्त गार वाटलं.

दिलीपनं त्यांना उचलून जमिनीवर आपटलं. छातीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. आण्णांचे पाय फरशीवर टाचा घासत होते. दिलीप ओरडत होता, त्याला शब्द नव्हते. त्याच्या ओरडण्यात मला आत्ताच ऐकलेले सगळे आवाज ऐकू आले, आजोबांपासूनचे. तोच गळा, तेच घर.

“दिल्या, सोड!”

त्याला ऐकू येत नव्हतं.

“सोड त्यांना! त्यांना बोलायचंय अजून! फौजदारापुढं बोलायचंय!”

शेवटी मी वाकले आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावले. लहानपणी तो मला चावायचा. मी कधी उलट चावले नव्हते, मोठी म्हणून. तो कळवळून मागं झाला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी आत्ताच कुठूनतरी आलेय. मग माझ्या हातातून टपटपणारं रक्त बघून तो तीन वर्षांच्या पोरासारखा रडायला लागला.

आण्णा खोकत कुशीवर वळले. पोलीस ठाण्याला फोन मीच लावला. डाव्या हातानं.

*

आण्णांना आधी दवाखान्यात आणि मग कोठडीत नेलं. फौजदारीणबाईंनी विचारलं तेव्हा ते एकच म्हणत होते, स्टो फुटला. इतकी वर्षं म्हणून म्हणून ते त्यांनाही खरं वाटत असावं. हा आवाज कोर्टात पुरावा म्हणून टिकेल का, मिर्‍यामताईंना सांगता येईना. अशी केस आपल्याकडे पहिलीच. मी तक्रारीवर सही केली. उजव्या हाताला अकरा टाके होते, म्हणून सही दुसऱ्याच कुणाची वाटत होती.

पुण्याहून दुसरा कान आला. उरलेले थर ऐकून झाले. रीत पुरी झाली आणि लिआ कांतोनींचा दावा मान्य झाला. गावातून कुणी मोर्चा आणला नाही. देऊळ बांधायचं कुणी नावही काढलं नाही. बायका मात्र एकेक करून आल्या, दिवेआईला हळदकुंकू लावून गेल्या, आणि जाताना मिर्‍यामताईंना हळूच विचारून गेल्या, की आमच्या घरातल्या फोटोला आम्ही जवसाचं तेल लावलं तर चालंल का?

चित्र पेटीत ठेवायच्या दिवशी लिआबाई पडद्यावर होत्या. फाटलेला कोपरा मी त्यांना दाखवला. माफी मागितली.

“शिवून घेईन,” त्या म्हणाल्या. “पण दिसेल असंच शिवेन. आजीच्या अंगावर आधीचेही वार होतेच. आता एक तुमचा.” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला ती गेल्यावर घर रिकामं वाटेल का?”

“तिनं आमचं पुष्कळ ऐकलं,” मी म्हणाले. “आता घरी जाऊन जरा निवांत बसू दे.”

बोंडानं ते काय केलं कुणास ठाऊक. लिआबाई हसल्या आणि डोळे पुसले.

मिर्‍यामताईंनी चित्रावर पातळ कागद धरला आणि थांबल्या. “शैलाताई, यंदाचं तेल अजून ओलं आहे. त्या दिवशीचं सगळं यात उतरलं असणार. तिकडे पोचेपर्यंत वाळेल.” मग जरा अडखळत म्हणाल्या, “आणखी काही घालायचं असेल तर आत्ताच. पण मोठ्यानं. हळू बोललेलं राहणार नाही.”

मी दिलीपला हाक मारली. तो त्या दिवसापासून आमच्या ओसरीवरच झोपत होता, जेवायला बोलावलं की येत होता, मनगटावर माझे दात घेऊन. तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. या घरात बायकांनी मोठ्यानं बोललेलं एकच साल होतं. घसा दोनदा खाकरला. मिर्‍यामताई दारापाशी सरकल्या. दिव्यांच्या मागं रेगीना तळव्यांनी डोळे झाकून उभी होती, तिला कुणाचं बघायचं नव्हतं, तिला फक्त ऐकायचं होतं. मी तिच्यासमोर तोंड नेलं, शिवारात ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारतात तसा छातीत श्वास भरला आणि ओरडले.

“आये! नेलं गं! नेलं मी त्याला! मागं बघितलं न्हाई! दिल्या हाय गं आये, माझ्यापाशी हाय!”

खिडकीची काच थरथरली. कापडही थरथरलं असणार.